तंबूवरची कॉफी: भांडं विकत घेण्याआधी काय ठरवायचं

पाऊस उघडला की बेळगाव, खानापूर, चंदगडकडची मंडळी तंबू घेऊन बाहेर पडतात. कुणी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ओळखीच्या शेतात राहतं, कुणी तिलारीच्या अंगाला, कुणी वैजनाथ-महिपाळगडाच्या पायथ्याशी, तर कुणी थेट जोयड्यापर्यंत जातं. चहाचं सामान बांधताना कुणालाच काही विचारावं लागत नाही. पातेलं, गाळणी, साखर, पूड आणि आल्याचा तुकडा घेतला की झालं. कॉफीचं नाव निघालं की मात्र प्रत्येकाचं वेगळं. एकजण इन्स्टंटच्या पुड्या खिशात टाकतो, दुसरा व्हिडिओ बघून काचेचा फ्रेंच प्रेस (भिजलेली पूड जाळीच्या दट्ट्याने तळाशी दाबायचं भांडं) मागवतो, तिसरा म्हणतो घरातला फिल्टर उचलून नेऊ. आणि ज्या कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांतून देशातली बहुतेक कॉफी येते, त्याच्याच डोंगरात नाहीतर हद्दीलगत बसून आपण कोमट, पाणचट काहीतरी पितो.

पहिल्यांदाच कॅम्पिंगला निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे बहुतेकांना दुधाची कॉफी लागते, आणि अशा चार-पाच जणांच्या कॅम्पला स्टीलच्या साध्या फिल्टरइतकं चोख दुसरं काही नाही. तुम्ही काळी कॉफी पिणारे असाल, एकटे जात असाल किंवा भर पावसात जात असाल, तर उत्तर बदलतं. म्हणून भांड्याकडे वळण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या.

काळी की दुधाची?

सगळ्यात आधी हे. दुधात कॉफी टिकायची तर ती मुळात दाट हवी. फिल्टरचं डिकाशन (पुडीतून ठिबकलेला दाट अर्क), मोका पॉटची, म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणाऱ्या भांड्याची कॉफी आणि एरोप्रेसमधून, म्हणजे पिचकारीसारख्या नळीतून दाबून काढलेली कॉफी दुधाला पुरून उरते. फ्रेंच प्रेस, कागदाच्या गाळणीतून ठिबकवलेली किंवा पातेल्यात भिजवून गाळलेली कॉफी मुळातच पातळ असते. ती काळी छान लागते, पण तिच्यात अर्धा कप दूध ओतलं की ना धड दूध राहतं ना धड कॉफी. अनेकजण महागडा ड्रिपर घेतात, त्यात दूध-साखर घालून पितात आणि मग कॉफीलाच नावं ठेवतात. दोष कॉफीचा नसतो, निवड चुकलेली असते.

गटातल्या प्रत्येकाला आधी विचारा. चारांतले तिघे दुधाचे आणि एक काळीवाला असेल तरी फिल्टरच न्या. काळीवाल्याच्या मगात थोडं डिकाशन घालून वर गरम पाणी ओतलं की त्याचंही भागतं. उलट बाजूने हे जमत नाही.

माणसं किती?

एरोप्रेसमधून एका वेळी एकच मग निघतो. एकट्याला किंवा दोघांना ठीक आहे. सहाजणांची कॉफी करायला बसलात तर शेवटच्याच्या हातात मग पडेपर्यंत पहिल्याचा रिकामा झालेला असतो, आणि करणाऱ्याला सूर्योदय दिसतच नाही. तीन कपांचा मोका पॉट म्हणतात त्यातही 'कप' म्हणजे एस्प्रेसोचा छोटा कप. एकूण कॉफी जेमतेम १३० ते १५० मिलिलिटर निघते. दूध घातलं तर तीन माणसांना पुरेल, काळी प्यायची तर एकालाच. खोक्यावरचा कपांचा आकडा वाचून भांडं घेऊ नका, मिलिलिटर बघा.

आच कुठून आणणार?

खरं तर कॅम्पवरच्या कॉफीचा सगळा डोलारा आचेवर उभा असतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

तीन दगडांची चूल मांडून कॉफी करावी असं प्रत्येकाच्या मनात असतं. पण जागा कुठली आहे ते बघा. भीमगड अभयारण्य किंवा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आग पेटवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. परवानगीशिवाय तंबू ठोकणंही चालत नाही. राखीव जंगलातही जाळ करायला मोकळीक नाही. खाजगी शेतात मालकाने हो म्हटलं तर चूल मांडता येते, तेही ऋतू बघून. जानेवारी सरला की सड्यावरचं गवत वाळून खडखडीत होतं. एक ठिणगी वाऱ्याने उडाली की वणवा डोंगर चढून जातो, आणि तो विझवायला रात्री-अपरात्री झाडांच्या ओल्या डहाळ्या घेऊन गावातलीच माणसं धावतात. होळीच्या पुढे-मागे तर चुलीचा विचारच नको.

म्हणून गॅसचा छोटा स्टोव्ह घ्या. कॅनिस्टरवर (गॅसच्या छोट्या डब्यावर) फिरवून बसवायचा बर्नर आणि २३० ग्रॅमचा कॅनिस्टर, एवढ्यावर भागतं. वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे हिशेबाने एका कॅनिस्टरवर पंधरा लिटर उकळायला हवं, पण उघड्या सड्यावर वारा ते दहा-बारावर आणतो. चौघांच्या दोन दिवसांच्या कॉफीला एक कॅनिस्टर भरपूर. त्यावरच रात्रीचा भातही शिजवणार असाल तर दुसरा जवळ ठेवा.

वाऱ्यासाठी आडोसा करा. दगड रचा, पाठपिशवी आडवी टाका, पण कॅनिस्टरला चारही बाजूंनी पत्र्याने गच्च वेढू नका. बर्नर थेट कॅनिस्टरवर बसणारा असेल तर आत कोंडलेल्या उष्णतेने तो तापतो, आणि तापलेला कॅनिस्टर फुटू शकतो. मधूनमधून त्याला हात लावून बघा. हाताला कोमटपेक्षा जास्त लागला तर लगेच बंद करा. बर्नरपेक्षा फार मोठं पातेलं ठेवलं तरी तीच अडचण होते.

आणि बाहेर कितीही पाऊस असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कापड पेट घेईल ही भीती सगळ्यांना कळते. पण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि माणूस झोपेतच जातो. तंबूच्या दाराबाहेर ताडपत्रीचं छप्पर ताणा आणि त्याखाली, तिन्ही बाजू उघड्या ठेवून, कॉफी करा.

रेल्वेने लोंढा किंवा कॅसलरॉकला उतरून पुढे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. गॅसचे कॅनिस्टर, स्पिरिट, रॉकेल यांतलं काहीही गाडीतून न्यायला मनाई आहे. अशा वेळी कुणीतरी मोटारीने सामान घेऊन येणार असेल तर ठीक, नाहीतर पुढे सांगितलेली थंड कॉफी घरूनच बाटलीत भरून घ्या.

पूड कुठली घ्यायची

भांडं ठरलं की पूड आपोआप ठरते. उलट्या क्रमाने गेलात तर फसाल, कारण दळण भांड्यावर अवलंबून असतं.

बाजारात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा चिकोरी असते. पाकिटामागे ७०:३० किंवा ८०:२० असं छापलेलं असतं. पहिला आकडा कॉफीचा, दुसरा चिकोरीचा. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, म्हणजे ५१:४९ पर्यंतचा मालही बाजारात येऊ शकतो. तेव्हा पाकीट उलटून वाचा. चिकोरी हे भाजलेलं मूळ. तिच्यामुळे रंग येतो, दाटपणा येतो, पण तरतरी येत नाही, कारण तिच्यात कॅफिन नसतं. दुधाच्या कॉफीला ८०:२० छान. काळी प्यायची असेल तर चिकोरी अजिबात नको, ती काळ्या कॉफीत काढ्यासारखी लागते.

दळून देणाऱ्या दुकानात गेलात तर स्पष्ट सांगा: "अण्णा, चिकोरी नको, आणि फ्रेंच प्रेससाठी आहे, जाड दळा." फ्रेंच प्रेसला आणि पातेल्यात भिजवायला रव्यासारखी जाड पूड लागते, ड्रिपरला त्याहून बारीक, फिल्टरला आणखी बारीक. मोका पॉटला फिल्टरचीच पूड चालते. फार बारीक, मैद्यासारखी पूड कशातच नको. ती भोकं बुजवते आणि कपाच्या तळाशी चिखल साचतो.

सव्वाशे ग्रॅमच घ्या. चौघांना एका वेळेला साधारण ४० ग्रॅम लागतात, म्हणजे दोन सकाळी आणि एक संध्याकाळ धरली तर १२० ग्रॅम. किलोभर बांधून न्यायचं काही कारण नाही. कॉफी एकदा दळली की तिचा वास रोज थोडा थोडा उडतो, आणि जांबोटीच्या दमट हवेत तर उघडं पाकीट एका रात्रीत गोळे धरतं. एकेका वेळेची पूड घरीच मोजून छोट्या झिपच्या पिशव्यांत भरा. तिथे अंधारात चमचे मोजत बसावं लागत नाही, आणि एक पिशवी भिजली तरी बाकीच्या वाचतात.

फिल्टर: रात्री लावा, सकाळी प्या

स्टीलचा दुमजली फिल्टर भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. वरचं भांडं बारीक भोकांचं, खालचं डिकाशन साठवायचं, आत दांड्याची चाळण म्हणजे छत्री, आणि वर झाकण. काच नाही, रबर नाही, कागद नाही, मोडण्यासारखं काहीच नाही. पितळी फिल्टर दिसायला देखणा, पण पाठीवर वाहायचा असेल तर स्टीलचाच घ्या.

चौघांसाठी ४० ग्रॅम पूड, म्हणजे सात-आठ सपाट टेबलस्पून. वरचं भांडं कोरडं पुसून पूड घाला. कडेला बोटाने हलकेच टिचक्या मारून ती समतल करा. छत्री वर नुसती टेकवा, दाबू नका. नवशिक्यांचा हात इथेच जड पडतो. पूड ठासली की पाणी उतरत नाही आणि रात्रभर वर तळं साचून राहतं.

पाणी खळखळून उकळा. पहिल्यांदा फक्त दोन-तीन टेबलस्पून पाणी सगळीकडे फिरवून घाला आणि अर्धा मिनिट थांबा. टॉर्च धरून बघा: पूड श्वास घेतल्यासारखी फुगते, छत्रीच्या भोकांतून बारीक बुडबुडे येतात आणि फुटतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आधी निघाला की मागून येणारं पाणी पुडीत सारखं मुरतं. फुगवटा दिसलाच नाही तर पूड जुनी आहे असं समजा. मग उरलेलं पाणी ओता. एकूण पाणी २५० मिलिलिटर धरा. मध्यम आकाराच्या फिल्टरमध्ये ते एका दमात मावत नाही, म्हणून निम्मं आधी घाला आणि ते उतरलं की उरलेलं पुन्हा गरम करून घाला. झाकण लावा.

तंबूजवळची जमीन कधीच सपाट नसते. फिल्टर रिकाम्या पातेल्यात उभा करा आणि भोवती टॉवेल गुंडाळा, म्हणजे तो कलंडतही नाही आणि लवकर गारही पडत नाही. कान जवळ नेलात की थेंबांचा टपटप आवाज येईल. दहा मिनिटं झाली तरी आवाज नसेल तर वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा. दोन भांडी घट्ट बसली की आत हवा कोंडते आणि थेंब अडतो. तरीही अडलेलं असेल तर छत्री काढून चमच्याच्या टोकाने वरचा थर मोकळा करा.

सगळं उतरायला वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो, चिकोरी जास्त असेल तर आणखी. म्हणूनच मी म्हणतो रात्री लावा. जेवणं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ते सकाळपर्यंत उत्तम राहतं. पहाटे उठून फक्त दूध तापवायचं. उन्हाळ्यात मात्र पहाटेच लावा आणि तेवढ्यात फिरून या.

४० ग्रॅम पूड ८० मिलिलिटरच्या आसपास पाणी स्वतःतच धरून ठेवते. म्हणजे २५० घातलेत तर साधारण १७० हाती येतं, माणशी चाळीसेक मिलिलिटर. मगात आधी साखर, त्यावर डिकाशन, त्यावर उकळतं दूध. डिकाशन पुन्हा आचेवर चढवू नका, कडवट होतं. दुधाच्या उष्णतेने ते हवं तेवढं गरम होतंच. तीच पूड वापरून दुसऱ्यांदा पाणी ओतायचा मोह होईल, पण ते पाणी दुधात घालायच्या लायकीचं नसतं.

काहीच न घेता: पातेलं आणि फडकं

विकत काही घ्यायचं नसेल तर पातेल्यात उत्तम काळी कॉफी होते. अट एकच, चहासारखी उकळायची नाही. आपल्याकडे हात चहाला सरावलेला असतो. पाण्यात पूड टाकायची आणि रंग येईपर्यंत रटरट उकळायचं, ही सवय कॉफीचा घात करते. वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडूपणा उरतो.

एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम जाड पूड, चिकोरीशिवाय. पाणी उकळलं की पातेलं खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा, पूड घालून एकदाच ढवळा आणि झाकून ठेवा. चार मिनिटांनी वर तरंगणारा थर चमच्याने मोडा, म्हणजे चोथा तळाशी जाईल. आणखी एक-दोन मिनिटं थांबून धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. फडकं नवं असेल तर घरीच एकदा पाण्यात उकळून घ्या, नाहीतर खळीचा वास कॉफीला लागतो. पुढेही ते साबणाने धुवायचं नाही. साबण कापडात राहतो आणि पुढच्या कॉफीत उतरतो. फडकं नसेल तर हात न हलवता हळू ओता आणि शेवटचा घोट मगातच सोडा.

आपल्या भागाची एक सोय सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभर अंशांना नव्हे तर साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. काळ्या कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. खाली उतरवून अर्धा मिनिट थांबलात की तुम्ही त्याच टप्प्यात आलात. थर्मामीटर वगैरे बाळगायची गरज नाही.

पाणी मात्र घरून न्या. ओढ्याचं घ्यावं लागलं तर फडक्यातून गाळून आधी खळखळून उकळा आणि मगच कॉफीला वापरा. क्षार असलेल्या बोअरच्या पाण्यात चांगली कॉफीही मचूळ लागते.

बाकीची भांडी, थोडक्यात

मोका पॉट हे इटलीतलं १९३३ सालापासूनचं भांडं. कॉफी दाट येते, दुधाला झकास. खालच्या भांड्यात वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच पाणी भरा, पूड दाबू नका, आच मंद ठेवा आणि गुरगुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा. कॅम्पवरची खरी अडचण वेगळीच आहे: छोट्या मोका पॉटचं बूड कॅनिस्टर स्टोव्हच्या तीन दांड्यांमध्ये बसत नाही, घसरतं. लोखंडी जाळीचा एक तुकडा बरोबर ठेवा. चुलीवर ठेवायचा असेल तर प्लॅस्टिकचा दांडा वितळतो, हे घेण्याआधीच लक्षात घ्या.

फ्रेंच प्रेस काचेचा नेऊ नका, स्टीलचा नेला तर वजन वाढतं. कॉफी सुरेख होते, पण तळाला चिकटलेला चोथा धुवायला भरपूर पाणी लागतं. गाडी तंबूपर्यंत जाते तिथेच तो न्यावा.

एरोप्रेस हलका, न फुटणारा, धुवायला सोपा. दांडा ढकलला की चोथ्याची टिकिया एकसंध बाहेर पडते. एकट्याने सायकलवर किंवा पाठपिशवी घेऊन जाणाऱ्या काळी-कॉफीवाल्याने डोळे झाकून हाच घ्यावा. मात्र स्वस्त नाही.

प्लॅस्टिकचा ड्रिपर आणि कागदी गाळण्याही हलक्या, पण उघड्यावर वारा पाणी पटकन गार करतो आणि बारीक धार धरायला अंधारात हात स्थिर राहत नाही. पहिल्याच कॅम्पला नको. तयार ड्रिप बॅग सोप्या: फाडायची, मगाच्या कडेला अडकवायची, वरून गरम पाणी ओतायचं. कचरा तेवढा दर मगामागे एक पिशवी.

इन्स्टंटला कमी लेखू नका. कणकुंबीच्या पावसात, पायाला जळवा चिकटलेल्या आणि कपडे ओलेचिंब असताना, पाणी तापवून पूड विरघळवणं एवढंच माणसाच्याने होतं. त्या दिवसासाठी चार पुड्या कुठल्याही पद्धतीबरोबर पिशवीत असाव्यात.

आणि एप्रिल-मेमध्ये हिडकल धरणाच्या काठावर उकाड्यात गरम कॉफी कुणाला हवी असते? घरी रात्री ८० ग्रॅम जाड पूड ६५० मिलिलिटरच्या आसपास गार पाण्यात भिजवा, फ्रिजमध्ये बारा-चौदा तास ठेवा, फडक्यातून गाळून बाटलीत भरा. तिथे गेल्यावर निम्म्याला निम्मं गार पाणी किंवा दूध घातलं की झाली. स्टोव्हच लागत नाही. बर्फात ठेवता येत नसेल तर त्याच दिवशी संपवा.

दूध

पिशवीचं दूध हिवाळ्यात एका रात्रीपुरतं टिकतं. उन्हाळ्यात पिशवी आदल्या दिवशी गोठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. दोन रात्री राहायचं असेल तर न उघडलेलं टेट्रापॅकचं दूध उत्तम, त्याला फ्रिज लागत नाही. दूध पावडर शेवटचा उपाय. ती आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या, थेट गरम कॉफीत टाकली की गुठळ्या होतात.

पण सगळ्यात चांगलं दूध बहुधा शेजारीच असतं. ज्यांच्या शेतात उतरलाय त्यांनाच विचारा, "मावशी, सकाळी अर्धा लिटर दूध मिळेल काय?" भांडं आपलं न्या, पैसे विचारून द्या. हे दूध कच्चं असतं, त्याला चांगला उतू जाईपर्यंतचा कढ द्यायलाच हवा. कॅम्पच्या स्टोव्हची आच एका ठिकाणी एकवटते, त्यामुळे दूध पटकन करपतं. पातेल्यात आधी दोन चमचे पाणी घाला, मग दूध, आणि ढवळणं थांबवू नका.

घरच्यासारखं जायफळ आवडत असेल तर किसून दुधात घाला, पुडीत नको. जायफळाचा अख्खा तुकडा आणि छोटी किसणी काडेपेटीएवढ्या जागेत मावते, आणि त्या थंडीत त्या वासाने झोपलेली माणसंही उठून बसतात.

चोथा आणि धुणं

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तेच पाणी खानापूरवरून पुढे नविलतीर्थच्या धरणात जातं आणि वाटेत कितीतरी गावं ते पितात. उगमापाशी ओढ्यात चोथा ओतताना किंवा साबणाची भांडी बुडवताना हे आठवावं. कॉफीचा चोथा 'नैसर्गिकच आहे' म्हणून पाण्यात टाकण्यासारखा नसतो.

चोथा पिशवीत भरून परत आणा, घरच्या कुंड्यांना चालतो. शेतमालकाचा उकिरडा असेल तर विचारून तिथे टाका. कागदी गाळण्या, पुड्या, रिकामे कॅनिस्टर, सगळं परत. भांडी ओढ्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, बाटलीतल्या पाण्याने धुवा. फिल्टरला तर साबण लागतच नाही. चोथा झटकून गरम पाणी फिरवलं की स्वच्छ.

साखर, गूळ आणि दूध पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा तंबूबाहेर, गाडीत किंवा झाडाला उंच टांगून. या पट्ट्यात अस्वल आहे, गवा आहे, माकडं तर आहेतच. रात्री गोड वासाच्या पिशवीजवळ झोपू नये.

घरी एकदा करून बघा

निघायच्या आठवड्यात गच्चीवर किंवा परसात हाच सगळा संसार मांडा: तोच स्टोव्ह, तेच पातेलं, तेच मग. स्वयंपाकघरातला ओटा वापरायचा नाही. डिकाशन किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. मगात किती वर येतं ते बघा, कारण स्टीलचे मग फसवतात, त्यातले काही तीनशे मिलिलिटरचे निघतात आणि दूध अपुरं पडतं. घरच्यांना चव बघायला द्या. कडू म्हणाले तर पूड कमी करू नका, पाणी थोडं थांबून ओता. पांचट म्हणाले तर पूड वाढवा. जमलेलं माप चिकटपट्टीवर लिहून कॉफीच्या डब्याच्या झाकणाला आतून लावा, म्हणजे त्या दिवशी कॉफी करायची पाळी कुणाचीही असली तरी अडणार नाही.